‘हॉटेल लाइन’ ते ‘शेफ’ : पुण्यातल्या पुरुषी स्वयंपाकाची पार्श्वभूमी

स्वयंपाक बायकांचा, पण पैसे घेऊन तो करणारे बहुतेक पुरुष, ही विसंगती जगात सगळीकडे दिसते. पुण्यात तिचा माग काढायचा तर बाई-पुरुष हा भेद थोडा बाजूला ठेवून आधी सोवळ्याकडे जावे लागते. पंगतीसाठी चुलाणापुढे उभ्या राहिलेल्या पुरुषाला या शहरात कोणी बायल्या म्हटले नाही. कमीपणा होता तो दुसऱ्याच्या दारी राबण्याचा, गरिबीचा, आणि पुढे ‘हॉटेलात कामाला’ असण्याचा.

दूरच्या काळाबद्दल थोडक्यात. अज्ञातवासात भीम विराटाच्या घरी बल्लव नावाने स्वयंपाकी झाला. त्याच पर्वात अर्जुनाला पुरुषपण झाकायला बृहन्नडा व्हावे लागले आणि नाचगाणे शिकवावे लागले. भीम मात्र हातात पळी घेऊनही मल्लच राहिला, कीचकालाही त्यानेच मारले. बाहुक झालेल्या नळाची ओळख दमयंतीला पटली ती त्याच्या हातच्या चवीवरून. बाराव्या शतकात एका चालुक्य राजाच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लासा’त अन्नाचा विचार राजाच्या भोगांमध्ये केला आहे. म्हणजे पाकशास्त्र पुरुषाला कमीपणा आणणारे मानले गेले नव्हते. घरातल्या रोजच्या चुलीची गोष्ट वेगळी, आणि तिच्याबद्दल हे ग्रंथ गप्पच आहेत.

खरा गुंता शब्दांचा आहे. ‘स्वयंपाकी’ म्हणजे मुळात स्वतःचे अन्न स्वतः शिजवून खाणारा. दुसऱ्याच्या हातचे न खाणारा कर्मठ पुरुष प्रवासातही आपली चूल वेगळी मांडायचा, आणि त्या अर्थाने हे बिरुद मानाचे होते. मराठीत हा शब्द हळूहळू उलटा फिरला आणि इतरांसाठी मोलाने रांधणारा तो स्वयंपाकी झाला. ‘स्वयंपाक’ तर कोणीही कोणासाठीही केला तरी स्वयंपाकच राहिला. ‘आचारी’ या शब्दाचेही तसेच. आचार पाळणारा तो आचारी. शब्दात ना मीठ आहे ना फोडणी, आहे ती फक्त शुद्धी. पुण्याच्या मंगल कार्यालयांत आचारी ठरवताना ‘हात चांगला आहे का’ याच्या आधी ‘कोणाचा आहे’ हे विचारले जाई, ते यामुळेच. सोवळे नेसलेला, उघड्या अंगाचा, घामाने निथळणारा माणूस मोठ्या झाऱ्याने बुंदी पाडतो आहे आणि घरची बाई त्याच्या भट्टीकडे फिरकतही नाही, हे दृश्य कोणालाही खटकत नव्हते.

याच कामाला बाईसाठी मानाचा शब्द मात्र तयार झाला नाही. ‘स्वयंपाकीण’ होती, पण ती बहुधा कोणाच्या तरी आश्रयाला राहिलेली सोवळी विधवा. पुढे ‘स्वयंपाकाच्या बाई’ आल्या, मग ‘काकू’, आणि आता ‘मावशी’. पुरुषाला धंद्याचे नाव मिळाले आणि बाईला नात्याचे. नाते लावले की मजुरीबद्दल घासाघीस करणे सोपे जाते, हे ज्यांनी मावशींशी पगार ठरवला आहे त्यांना सांगायला नको. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी काम बंद ठेवले, तेव्हा धुण्याभांड्यांच्या बायका मजूर आहेत हे तरी शहराला कळले. घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा राज्याचा कायदा त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, २००८ साली आला.

आचाऱ्याच्या प्रतिष्ठेलाही मर्यादा होती. वार लावून जेवणारी, माधुकरी मागून शिकणारी मुले पेठांत होती. त्यांतला ज्याचा अभ्यास पुढे सरकला नाही, तो भिक्षुकीला तरी लागे किंवा पंगतीच्या कामाला. आचारी, पाणक्या आणि वाढपी यांना यजमानाच्या घरात वावर होता, त्याच्या बरोबरीने बसणे नव्हते. चुलीपाशी शुद्ध आणि बैठकीत गरीब, अशी ही जागा. शहराबाहेर १८१८ नंतर वसलेल्या कॅम्पात चित्र वेगळे होते. साहेबाचा खानसामा आणि बटलर हेही पुरुषच, पण तिथे सोवळ्याचा प्रश्न नव्हता आणि इंग्रजी येणे हा गुण होता. पेठेतला आचारी आणि कॅम्पातला खानसामा एकाच शहरात एकच काम करत होते, पण त्यांना एका धंद्याचे कोणी मानले नसते.

विसाव्या शतकात खानावळी, इराणी हॉटेले आणि उडुपी आली. दक्षिण कन्नडमधून आलेली मुले कपबशा विसळण्यापासून सुरुवात करत, रात्री हॉटेलातच पथारी टाकत आणि वर्षाकाठी गावी जात. जिथे कामगार राहतो तिथेच राबतो, तिथे बाईला जागा कुठून असणार? इराण्याचा भटारखाना काय किंवा उडुप्याचे किचन काय, पुरुषी झाले ते राहण्याच्या सोयीमुळे, आणि मग कायद्यानेही तेच पक्के केले. मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८ ने बायकांना रात्री उशिरा कामावर ठेवायला मनाई केली. हेतू संरक्षणाचा होता. पण हॉटेलचा धंदा रात्रीच्या जेवणावर चालतो, आणि ज्याला रात्रपाळी नाही त्याला त्या किचनमध्ये बढती नाही. ‘बायकांना हे झेपत नाही’ हे वाक्य पुढे जे रूढ झाले त्यामागे ही बंदी होती. झेपते की नाही हे बघायची संधीच दिलेली नव्हती.

याच काळात पाककृतींची पुस्तके उलट्या दिशेने गेली. छापील मराठी पाकपुस्तकांतले सुरुवातीचे, १८७५ सालचे ‘सूपशास्त्र’ एका पुरुषाचे आहे. १९७० साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली तेव्हा पाककृती लिहिणे आणि वाचणे हा बायकांचा प्रांत आहे, यात कोणाला शंका उरली नव्हती. घरातले ज्ञान बाईकडे आणि बाजारातली मजुरी पुरुषाकडे अशी वाटणी झाली होती.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. देशातली हॉटेल व्यवस्थापनाची पहिली शिक्षणसंस्था १९५४ साली मुंबईत सुरू झाली ती बायकांच्या एका अखिल भारतीय परिषदेच्या पुढाकाराने. अन्नटंचाईच्या दिवसांत पर्यायी आणि सकस आहाराचा प्रचार करणारी ही परिषद. तिने घातलेल्या पायावर जे शिक्षण उभे राहिले त्याच्या किचनच्या वर्गांत पुढे मुलगेच मुलगे दिसू लागले.

पुण्यात या शिक्षणाचे पेव फुटले ते नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर. खासगी कॉलेजे निघाली आणि बारावीत मार्क कमी पडलेल्या मुलासाठी ‘एचएम’, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट, हा पर्याय घरात बोलला जाऊ लागला. सुरुवातीला वडीलधारे म्हणत, ‘हॉटेल लाइनला गेलाय.’ त्या ‘लाइन’मध्ये दारू, मटण, रात्रीबेरात्री घरी येणे आणि परक्यांची उष्टी हे सगळे आले. मुलाने काय शिकले हे सांगताना आई ‘मॅनेजमेंट’वर जोर द्यायची, ‘हॉटेल’ हळू म्हणायची. वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मात तर ‘हॉस्पिटॅलिटी’ लिहिण्याचीच पद्धत पडली. मुलगा क्रूझवर लागला की मात्र सूर बदलायचा, कारण पगार डॉलरमध्ये. जहाजावर तो बटाटे सोलतो की सूप ढवळतो, हे कोणी विचारत नसे.

१९९३ साली दूरचित्रवाणीवर एक हसतमुख पुरुष पांढरा कोट घालून घरगुती भाज्या शिकवू लागला. त्या कार्यक्रमाने काय साधले याबद्दल दुमत आहे. काहींच्या मते त्यामुळे पुरुष घरच्या स्वयंपाकघरात आले. मला तसे वाटत नाही. घरच्या स्वयंपाकघरात त्या कोटामुळे आला तो फार तर रविवारचा पनीर बटर मसाला. बदलले ते हॉटेलच्या आतल्या माणसाचे नाव. ‘कुक’ जाऊन ‘शेफ’ आला.

आता या शब्दाकडे. ‘शेफ’ हा फ्रेंच शब्द, अर्थ प्रमुख. त्यातही शिजवणे नाही. आपल्या ‘आचारी’त शुद्धी होती, यात हुकूम आहे. १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात सैन्यासाठी रांधलेल्या एका फ्रेंच बल्लवाचार्याने १८९०च्या दशकात लंडनच्या बड्या हॉटेलात किचनची रचना लष्करी तुकडीसारखी बसवली. वर एक प्रमुख, खाली उपप्रमुख, प्रत्येक विभागाला एक नायक आणि तळाशी नवशिके. आपल्याकडे उपप्रमुखासाठी ‘सू शेफ’ आणि तळच्या हुद्द्यांसाठी ‘कॉमी वन’, ‘कॉमी टू’ हे शब्द तिथूनच आले. त्या हिशेबाने एका किचनमध्ये शेफ एकच. पुण्यात मात्र दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही डॉक्टरने लावावे तसे नावाआधी ‘शेफ’ लावतो. हसू येते, पण कारण समजण्यासारखे आहे. ‘आचारी’ म्हटले की पंचा आणि उघडी पाठ दिसते. ‘शेफ’ म्हटले की दुहेरी बटणांचा कोट, टोपी आणि कपाळावर न दिसणारी जात. या शब्दाने धंद्यातले सोवळे धुऊन काढले, हे त्याचे श्रेय. पण तीस-तीस वर्षे हजाराच्या पंगती सांभाळलेला आचारी त्यात मागे राहिला. त्याला कोणी शेफ म्हटले नाही.

लष्करी रचनेबरोबर लष्करी बोलणेही आले. ‘येस शेफ’, आरडाओरड, शिव्या, मनगटावरचे भाजल्याचे डाग मिरवणे. पुरुषपणा जो एरवी या कामात सिद्ध करावा लागत नव्हता, तो आता सिद्ध करावा लागू लागला. आचाऱ्याला दम लागे, पण त्याचा डाग कोणी मिरवला नव्हता. इंडस्ट्रियल ट्रेनिंगला गेलेल्या मुलींना बहुतेकदा बेकरी किंवा पॅन्ट्री मिळे. तंदूर उस्तादाकडे आणि उस्तादाचे चेले पुरुष. ‘केकला नाजूक हात लागतो’ असे कारण दिले जाई. तीस किलो मैद्याचे पोते उचलून ओतणाऱ्या मुलीला ते ऐकताना काय वाटत असेल, ते तिलाच विचारावे.

२०१० साली हिंदी वाहिनीवरच्या स्वयंपाकाच्या मोठ्या स्पर्धेचे पहिले पर्व एका शिक्षिकेने जिंकले. वातावरण जरा हलले. मग २०१७ आले. सप्टेंबरात पुण्यातल्या एका उच्चपदस्थ शास्त्रज्ञ बाईंनी, आपल्याकडे सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाईने जात लपवून फसवले, अशी पोलिसांत तक्रार केली. शहरभर वाद झाला, तक्रार पुढे मागे घेतली गेली. ‘कोणाचा आहे’ हा आचाऱ्याला विचारला जाणारा प्रश्न बाईपाशी येऊन गुन्हा ठरू पाहत होता. त्याच वर्षी डिसेंबरात राज्याचा नवा दुकाने व आस्थापना कायदा लागू झाला. बाईची संमती आणि पुरेसे संरक्षण असेल तर रात्री साडेनऊनंतरही तिला काम करता येईल, अशी तरतूद त्यात आहे. या दुसऱ्या घटनेची चर्चा पहिलीच्या दशांशही झाली नाही. किचनच्या दृष्टीने मोठी बातमी तीच होती.

२०२०च्या टाळेबंदीत ‘होम शेफ’ हा शब्द घरोघरी पोचला. बारा लाखांखालच्या उलाढालीला अन्नसुरक्षा कायद्याची साधी नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत होत होती, आणि कोथरूड-सिंहगड रस्त्यावरच्या कितीतरी बायकांनी पुरणपोळ्यांपासून बिर्याणीपर्यंत ऑर्डरी घेतल्या. बाईला ‘शेफ’ हे नाव अखेर मिळाले, पण पुढे ‘होम’ लावून. तोच धंदा पुरुषाने एका खोलीतून केला की त्याला ‘क्लाउड किचन’ म्हणतात. कार्यालयांतल्या लग्नांत आज दर्शनी ‘लाइव्ह काउंटर’वर उंच टोपीतला मुलगा पास्ता परततो. पोळ्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाटल्या जातात, आणि तिथे हिशेब अजून नगावर होतो.