मूल हवंय? कामाची जागा बदलून मागायचा अर्ज आधीच द्या

कामावरची काही रसायनं, शिसं किंवा एक्स-रेचे किरण पोटातल्या बाळाला बाधू शकतात. बाळाचे अवयव घडतात ते गर्भ राहिल्यापासून साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात. त्यातले कितीतरी दिवस पाळी चुकली की नुसतीच लांबली, या विचारात निघून जातात. म्हणून गोड बातमीची वाट पाहू नका. मूल हवंय असं ठरलं की अर्ज द्या.

अर्ज कोणी करायचा? गरोदर असलेल्या, अंगावर पाजणाऱ्या आणि मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणाऱ्या प्रत्येकानं, पुरुषांनीसुद्धा. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कीटकनाशक कारखान्यात कामगारांच्या आपसातल्या बोलण्यातून लक्षात आलं, की कुणालाच मूल होत नाहीये. तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्राणूच नव्हते. डीबीसीपी या रसायनानं ते झालं होतं. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, तेव्हा पुरुषांनी निदान तीन महिने आधी अर्ज द्यावा.

अर्जासोबतच्या कागदांमध्ये सगळ्यात मोलाची ती रसायनाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्याच्या धोक्यांचं माहितीपत्रक. ती मागून घ्या आणि दुसरा भाग उघडा. तिथे ‘एच ३६०’ (H360) हा धोक्याचा कोड दिसला तर ते रसायन प्रजननक्षमतेला किंवा गर्भाला बाधू शकतं, ‘एच ३६१’ म्हणजे तसा संशय आहे, ‘एच ३६२’ म्हणजे अंगावर पिणाऱ्या बाळाला धोका. तपशील अकराव्या भागात असतो. ही पानं अर्जाला जोडा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. एक्स-रे विभागात असाल तर डोस बॅजची, म्हणजे अंगावर किती किरण पडले ते मोजणाऱ्या बिल्ल्याची, नोंद. शिशाचं काम असेल तर रक्तातल्या शिशाचा रिपोर्ट, आणि ते काम पूर्वी केलं असेल तरी लिहा. शिसं वर्षानुवर्षं हाडांत साठून राहतं आणि गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरतं.

मजकूर साधा ठेवा: ‘मी अमुक विभागात अमुक रसायन रोज इतके तास हाताळते. धोक्याची तपासणी करून तो दूर करावा. ते शक्य नसल्यास पगार न कापता दुसरं काम द्यावं. निर्णय होईपर्यंत मला या रसायनापासून लांब ठेवावं.’

दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोच घ्या. किरणांच्या कामात असाल तर गरोदर राहिल्यावर तेही असंच लेखी कळवा, ती तारीख फार महत्त्वाची. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्या शिफारशीनुसार, गरोदर असल्याचं कळवल्यापासून पुढे गर्भाला किरणांचा १ मिलीसिव्हर्टपेक्षा (हे किरणांचा डोस मोजायचं एकक) जास्त डोस मिळू नये. तोंडी सांगितलेलं कोणाच्याच लक्षात राहत नाही. आणि उत्तरादाखल राजीनाम्याचा कागद पुढे आला तर त्यावर सही करू नका.