टर्कीतील अस्थिमज्जा व रक्तोत्पत्ती

टर्की (मेलिआग्रिस गॅलोपाव्हो) या पाळीव पक्ष्याच्या हाडांच्या पोकळीतील मऊ ऊतक व त्यात होणारी रक्तकोशिकांची (रक्तपेशींची) निर्मिती. भ्रूणात हे काम प्रथम पीतककोशात (अंड्यातील बलकाभोवतीच्या पिशवीत) सुरू होते; मज्जा ते पुढे हाती घेते. प्रौढ पक्ष्याच्या भुजास्थीत (पंखाच्या वरच्या हाडात) बहुधा हवाच असते, म्हणून तपासणीसाठी मज्जा टिबिओटार्सस या तंगडीच्या हाडातून काढतात.

पक्ष्यांच्या मज्जेचे वैशिष्ट्य असे की, तांबड्या कोशिका पातळ भिंतीच्या शिराकोटरांच्या (मज्जेतील रुंद रक्तवाहिन्यांच्या) आत घडतात, तर कणयुक्त श्वेत कोशिका कोटरांबाहेर, मेदकोशिकांच्या मधल्या जागेत. रंगवलेल्या छेदात कोटराच्या भिंतीलगत मोठ्या गोल केंद्रकाच्या, गडद निळ्या आद्यकोशिका दिसतात. मध्याकडे सरकावे तसे हीमोग्लोबिन साचून निळा रंग करडा आणि शेवटी नारिंगी होतो. केंद्रक बाहेर टाकले जात नाही. ते आकसून लंबगोल होते व कोशिकेबरोबरच रक्तात उतरते. सस्तन प्राण्यांतील न्यूट्रोफिल या कणयुक्त श्वेत कोशिकांची जागा येथे हेटेरोफिल घेतात. त्यांचे लालसर, दांडीसारखे कण रंजनात अर्धवट विरघळतात आणि नवख्याला चकवतात.

रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या बिंबाणूंच्या (प्लेटलेट) उगमाविषयी मतभेद आहेत. सस्तन प्राण्यांत ते महाकेंद्रक-कोशिकेचे तुकडे असतात. पक्ष्यांत तशी कोशिका नाही आणि बिंबाणू ही स्वतःचे केंद्रक असलेली पूर्ण कोशिका आहे. काही जुन्या अभ्यासकांनी तिला लसीका-कोशिकेचे (लिंफोसाइट या श्वेत कोशिकेचे), तर काहींनी तांबड्या कोशिकेचे रूपांतर मानले. लहान लसीका-कोशिकेशी तिचे साम्य पाहता पहिला तर्क समजण्याजोगा आहे. पण बिंबाणूचे कोशिकाद्रव्य फिके असते, त्यात एखाददुसरा लाल कण असतो आणि काचपट्टीवर या कोशिकांचे पुंजके होतात. मज्जेत त्यांच्या स्वतंत्र अपक्व अवस्था ओळखता येतात, त्यामुळे वेगळ्या वंशाचे मत अधिक ग्राह्य वाटते. तांबड्या कोशिकांशी दूरचा समान पूर्वज असल्यास या मताला बाधा येत नाही.

प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-लसीका-कोशिका मज्जेत नव्हे, तर अवस्करालगतच्या (विष्ठा, मूत्र व अंडी बाहेर पडण्याच्या समाईक मार्गालगतच्या) फॅब्रिशियस पिशवीत परिपक्व होतात. प्रतिपिंडनिर्मितीतील या पिशवीचे कार्य ग्लिक व चँग या संशोधकांनी १९५६ मध्ये कोंबड्यांवरील प्रयोगांतून दाखवले.

अंडी घालण्याच्या सुमारास मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत ईस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या प्रभावाने मज्जास्थी (पोकळीत तयार होणारे तात्पुरते हाड) वाढते. कवचाला लागणारे कॅल्शियम तीत साठते. अशा मादीच्या नमुन्यात हाडाचे कण येतात व मज्जा कमी मिळते.