नको असलेली अक्षरे काढताना

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीच्या परिसरातील एखाद्या मराठी वाचनालयाच्या सभासदांची यादी संगणकावर उघडली, तर तिच्यात लिप्यांची सरमिसळ दिसणे अगदी स्वाभाविक आहे. माणसांची नावे देवनागरीत टंकलेली असतात, गावांची नावे सरकारी कागदांवरून कन्नड लिपीत तशीच उचललेली असतात आणि ई-मेलचे पत्ते रोमनमध्ये असतात. त्याखेरीज ओळींच्या शेवटी राहिलेल्या रिकाम्या जागा, मधेच घुसलेले टॅब, विंडोजवर तयार झालेल्या फाइलमधून ओळीच्या शेवटी आलेले १३ क्रमांकाचे चिन्ह (संगणकात प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक असतो) आणि संकेतस्थळावरून मजकूर उचलताना शिरलेली १६० क्रमांकाची न तुटणारी मोकळी जागा असा न दिसणारा गाळ तळाशी साचलेला असतो. त्यामुळे डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावे संगणकाला वेगळी वाटतात आणि एकाच सभासदाची नोंद दोनदा होते.

हा गाळ हाताने उपसता येत नाही. त्यासाठी नमुन्याची भाषा लागते. तिला रेग्युलर एक्सप्रेशन किंवा थोडक्यात रेजेक्स म्हणतात. तिचा उगम संगणकाच्या पडद्यावर झालेला नाही. अमेरिकी गणिती स्टीफन क्लेनी यांनी मज्जापेशींच्या जाळ्याच्या गणिती प्रारूपाचा अभ्यास करताना १९५१ मध्ये ही संकल्पना मांडली. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये तिच्या आधारे मजकुरात शोध घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि १९७३ च्या सुमारास युनिक्स या संगणक प्रणालीत ‘ग्रेप’ हे शोधणारे साधन आले. शोधलेले बदलणारे किंवा गाळणारे ‘सेड’ हे साधन त्यापाठोपाठ तयार झाले. या भाषेच्या विस्तारित रूपात (‘ग्रेप’ आणि ‘सेड’ला -E हा पर्याय दिल्यावर) अधिकचे चिन्ह म्हणजे ‘एक किंवा अनेक वेळा’ आणि डॉलरचे चिन्ह म्हणजे ‘ओळीचा शेवट’. म्हणून मोकळी जागा, अधिकचे चिन्ह आणि डॉलर एवढी तीन चिन्हे लिहिली, की फाइलमधल्या प्रत्येक ओळीच्या टोकाला लोंबणाऱ्या रिकाम्या जागा एका आज्ञेत निघून जातात.

अक्षरांच्या बाबतीत मात्र एवढ्यावर भागत नाही. जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात देवनागरीला २३०४ ते २४३१ हे क्रमांक दिलेले आहेत. चौकटी कंसात [अ-ह] असे लिहिले, तर स्वर आणि व्यंजने येतात, पण काना, मात्रा, वेलांट्या आणि उकार ‘ह’च्या पुढच्या क्रमांकांवर असल्यामुळे बाहेर राहतात आणि अनुस्वार ‘अ’च्या आधीच येऊन गेलेला असतो. ‘अ ते ह सोडून सर्व काढा’ अशी आज्ञा दिली, तर बेळगावचे ‘बळगव’, खानापूरचे ‘खनपर’ आणि निपाणीचे ‘नपण’ होते. इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातला नमुना अक्षरे बदलून मराठीला लावला, की हे असे घडते, आणि हजारो ओळींच्या फाइलमध्ये ते उशिरा लक्षात येते.

दुसरा धोका साधनाच्या निवडीत आहे. हे क्रमांक फाइलमध्ये साठवण्याच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे आणि कन्नडचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत, म्हणजे साठवणुकीच्या तीन छोट्या घरांत, साठवले जाते. मराठी ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९ आणि कन्नड ‘क’ म्हणजे २२४, १७८, १४९. लिनक्सवर सर्रास आढळणारे ‘टीआर’ हे साधन अक्षर न पाहता एकेक बाइट पाहते. त्याला कन्नड ‘क’ काढायला सांगितले, तर ते २२४ हा बाइट सगळीकडून काढते, आणि देवनागरीच्या प्रत्येक अक्षराची सुरुवात त्याच बाइटाने होत असल्यामुळे अख्खा मराठी मजकूर मोडतो. दोन लिप्यांच्या फाइलसाठी हे साधन वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत नाजूक प्रश्न न दिसणाऱ्या दोन चिन्हांचा आहे. ८२०५ क्रमांकाचे जोडणारे चिन्ह आणि ८२०४ क्रमांकाचे न जोडणारे चिन्ह यांना रुंदी नसते, त्यामुळे मजकूर साफ करण्याच्या तयार आज्ञांमध्ये ती कचरा म्हणून गणली जातात. आपल्या लिप्यांत त्यांना काम आहे. मराठीतला अर्धचंद्राकार रफार ‘ऱ’ला हलन्त देऊन लिहिता येतो, तसाच साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे ८२०५ घालूनही लिहिता येतो. दुसऱ्या प्रकारे टंकलेल्या शब्दातून हे चिन्ह पुसले, की स्वयंपाक करणाऱ्या ‘आचाऱ्यास’ दिलेली मजुरी शिकवणाऱ्या ‘आचार्यास’ दिल्याचे दिसू लागते. कन्नडमध्ये ८२०४ तितकेच महत्त्वाचे आहे. ‘बँकेत’ या अर्थाच्या कन्नड शब्दात ‘क’ आणि ‘न’ यांच्यामध्ये ते असते; ते काढले, तर ‘न’ खाली सरकून ‘क’चे ओत्तक्षर, म्हणजे खाली जोडून लिहिलेले अक्षर, होऊन बसतो.

कन्नड अक्षरे काढण्याआधी ती खरोखर नको आहेत का, हेही पाहावे. भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या इस्की मानकाची मांडणी युनिकोडने स्वीकारल्यामुळे समान उच्चारांची अक्षरे आपापल्या तक्त्यात एकाच जागी बसतात. देवनागरी ‘क’ २३२५ वर आहे आणि कन्नड ‘क’ ३२२१ वर. फरक ८९६ चा. हाच फरक अंकांनाही लागू पडतो, म्हणून कन्नडमधल्या गावाच्या नावाच्या प्रत्येक अक्षरातून ८९६ वजा केले, की ते नाव बहुतांशी देवनागरीत वाचता येते. कन्नडमधील ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांना मराठीत स्थान नसल्याने तेवढ्यांपुरता वेगळा नियम लिहावा लागतो. पत्ता पुसण्यापेक्षा तो असा वळवून घेणे कितीतरी चांगले.

प्रत्यक्ष काम करताना मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवावी आणि नमुना आधी ‘ग्रेप’ला देऊन कोणत्या ओळी सापडतात ते वाचावे. नंतर ‘सेड’ने ‘र’, हलन्त आणि ८२०५ या त्रयीच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त बसवावा, १३ आणि १६० या क्रमांकांची चिन्हे निपटावी, मग ओळींच्या टोकांकडे वळावे, आणि ८२०४ ला कन्नड मजकुरात हात न लावता नव्या-जुन्या फाइलमधला फरक ‘डिफ’ या तुलना करणाऱ्या साधनाने ओळीगणिक तपासावा.