जिऱ्याच्या पहिल्या घासात प्लॅस्टिक

मत्स्यबीज केंद्रात अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांना जिरे म्हणतात. नाव चपखल आहे. सुरुवातीचे काही दिवस ही पिल्लं पोटाला चिकटलेल्या बलकावर जगतात. बलक संपला की पुढ्यात येईल आणि तोंडात मावेल ते गिळायचं. त्या वर्षीच्या पिढीतली किती मासळी तगणार हे याच दिवसांत ठरत असावं, असं नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान योर्ट यांनी १९१४ मध्येच मांडलं होतं.

प्लॅस्टिक आड येतं ते या पहिल्या घासाला. १९७२ साली एडवर्ड कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत पॉलिस्टायरीनचे मणी सापडले, सरासरी अर्ध्या मिलिमीटरचे. काही पारदर्शक, काही पांढरे. तपासलेल्या १४ पैकी ८ जातींच्या माशांनी ते खाल्ले होते, तेही वेचून पांढरेच. लहान माशांचं आतडं त्याने तुंबू शकेल, हेही तेव्हाच नोंदवलं गेलं. अशा बारीक कणांसाठी ‘मायक्रोप्लॅस्टिक’ हा शब्द मात्र रुळला २००४ नंतर, ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांच्या निबंधामुळे.

मग २०१६ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या दोन संशोधकांचा निबंध ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत आला. प्लॅस्टिकच्या कणांत ठेवलेली पर्च माशाची अंडी ९६ ऐवजी ८१ टक्केच उबली, आणि पिल्लांनी खरं खाद्य सोडून प्लॅस्टिकच पसंत केलं, असा दावा होता. बातमी जगभर गेली. पण प्रयोग जिथे झाल्याचं सांगितलं त्या गॉटलंड बेटावरच्या संशोधन केंद्रात तेव्हा हजर असलेल्या काही संशोधकांनीच शंका घेतली: एवढा मोठा प्रयोग इथे झालाच कधी? मूळ नोंदी मागितल्या, तर त्या ज्या लॅपटॉपवर होत्या तो गाडीतून चोरीला गेल्याचं उत्तर आलं. मे २०१७ मध्ये निबंध मागे घेतला गेला, आणि डिसेंबरात विद्यापीठानेही आकडे बनावट ठरवले. ते ८१ टक्के कुठे वाचलेत तर सोडून द्या.

प्रश्न खोटा नव्हता, म्हणून तर जास्त चीड येते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हवाई बेटांलगतच्या समुद्रातले तेलकट दिसणारे गुळगुळीत पट्टे तपासले होते. जिरे तिथेच गोळा होतात. भोवतालच्या पाण्याच्या तुलनेत तिथे प्लॅस्टिक १२६ पट निघालं, आणि ८.६ टक्के पिल्लांच्या पोटात ते सापडलं. बहुतेक पारदर्शक किंवा निळे धागे, ज्या बारीक जिवांवर ही पिल्लं जगतात त्यांच्याच रंगाचे.