मुख्याध्यापक आणि विशेष शिक्षण समन्वयक: कोणाकडे कोणते काम

अध्ययन अक्षम, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणितात सतत अडणाऱ्या, मुलांसाठी चालणाऱ्या शाळेत, किंवा नेहमीच्या शाळेतल्या अशा मुलांच्या विभागात, जबाबदारीच्या दोन जागा असतात: मुख्याध्यापक आणि विशेष शिक्षण समन्वयक. पालकांच्या तोंडी दोघेही ‘मोठे सर’ किंवा ‘मोठ्या बाई’. मुलाच्या फाइलवर सह्याही दोघांच्या. त्यामुळे मूल वाचत नाही म्हणून आलेली आई मुख्याध्यापकांच्या दाराशी बसून राहते आणि फीच्या हप्त्याबद्दल समन्वयकांना विचारले जाते. हा घोळ पालकांपुरता असेल तर एक खेप वाया जाते. शाळेच्या आतच असेल तर मुलाचे वर्ष जाते.

आधी पात्रता पाहू. समन्वयक हे विशेष शिक्षक असतात: डी.एड. किंवा बी.एड. विशेष शिक्षणातले, आणि १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले. नोंदणीचा सीआरआर (केंद्रीय पुनर्वास नोंदवहीतला) क्रमांक असतो, त्याला मुदत असते. तो विचारण्यात पालकांनी संकोच करू नये. चार दिवसांची कार्यशाळा केलेले शिक्षक मनापासून काम करतात, पण अध्ययन अक्षमतेचा आराखडा आखणे हे त्यांचे काम नव्हे. मुख्याध्यापकांकडे मात्र साधे बी.एड., अनुभव आणि शाळेची कायदेशीर जबाबदारी असते: मान्यता, यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, शिक्षकांच्या नेमणुका, बोर्डाशी पत्रव्यवहार. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या विशेष शाळेत मुख्याध्यापकही बहुधा विशेष शिक्षकच असतात, आणि गोंधळाचे एक मूळ तिथे आहे. ती शाळा दिव्यांग कल्याण विभागाची. अध्ययन अक्षम मुलाची बुद्धिमत्ता सामान्य किंवा त्याहून चांगली असते, ते नेहमीचाच अभ्यासक्रम शिकते आणि त्याची शाळा शिक्षण विभागाची असते. ‘वाचता येत नाही’ एवढ्यावरून मुलाला बौद्धिक दिव्यांगांच्या शाळेत घालणे म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे.

आता रोजचे काम. सगळे फिरते ते वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याभोवती, ज्याला शाळेत आयईपी म्हणतात. तो समन्वयक लिहितात. मूल आज कुठे आहे, तीन महिन्यांत कुठे जायचे, कोणत्या पद्धतीने, आठवड्याला किती तासिका आणि मोजायचे कसे, हे त्यात येते. ‘वाचन सुधारणे’ हे उद्दिष्ट नाही, कारण ते मोजता येत नाही. चौथीतला मुलगा काना-मात्रा नसलेले शब्द वाचतो, वेलांटी आली की अडतो आणि जोडाक्षर गाळतो, ही आजची पातळी झाली. बारा आठवड्यांत वेलांटी-उकाराचे वीस अनोळखी शब्द दिले तर त्यांतले सोळा मदतीशिवाय वाचेल, हे उद्दिष्ट झाले. शब्द अनोळखी हवेत. पाठ्यपुस्तकातला धडा मुले ऐकून पाठ करतात आणि वाचल्यासारखे म्हणतात.

पण आराखड्यात ‘आठवड्याला चार तासिका, तीन मुलांचा गट’ लिहून भागत नाही. त्या चार तासिका वेळापत्रकात कोण बसवणार? मुख्याध्यापक. खोली, बदली शिक्षक, वर्गशिक्षकांना दिलेली लेखी सूचना, हे सारे त्यांच्या हातात. आराखडे बंद पडतात ते बहुतेक इथेच. समन्वयकांना सूचना करण्याचा हक्क असतो, तासिका देण्याचा नसतो. मग विशेष तासिका खेळाच्या किंवा चित्रकलेच्या वेळेत ढकलली जाते, मूल चिडते, यायचे टाळते आणि ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा मिळतो. आमच्या मते आराखड्यावर मुख्याध्यापकांनी सही करायची ती वेळापत्रक सोबत जोडल्यावरच. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक असे प्रमाण ठरवून दिले. माणसे कमी पडत असतील तर ते संस्थेपुढे मांडणे हेही मुख्याध्यापकांचेच काम.

सोलापुरात समन्वयकांपुढे एक जास्तीचा पेच असतो. पूर्व भागातल्या अनेक घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडून आलेल्या घरांत कन्नड, काही घरांत उर्दू. मूल मराठी किंवा इंग्रजी माध्यमात अडखळले तर ती अध्ययन अक्षमता की नुसती अपरिचित भाषा? मराठी उतारा देऊन हे कळत नाही. तेलुगू लिपी मूल शिकलेलेच नसते, म्हणून तेलुगू पुस्तक देऊनही कळत नाही. चाचणी तोंडी आणि घरच्या भाषेत घ्यावी लागते: शब्दाचे तुकडे पाडणे, पहिला आवाज काढून उरलेले सांगणे, यमक ओळखणे, ऐकलेले अंक त्याच क्रमाने म्हणणे, ओळखीच्या चित्रांची नावे भराभर सांगणे. घरच्या भाषेत हे सहज जमत असेल तर आधी शाळेची भाषा शिकवावी. दोन्ही भाषांत अडत असेल तर पुढची तपासणी हवी. त्याआधी डोळे आणि कान तपासलेले असावेत, आणि मूल नियमित शाळेत येत होते का, हेही पाहिलेले असावे. घरची भाषा बोलणारी व्यक्ती चाचणीला बसवण्याची सोय मुख्याध्यापक करतात, निष्कर्ष समन्वयक काढतात. निदान मात्र या दोघांपैकी कोणाचेच नाही. ते आणि प्रमाणपत्र हे शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाचे काम. शाळा फक्त निरीक्षणांचा अहवाल आणि मुलाच्या वह्यांचे नमुने सोबत देते.

प्रमाणपत्राच्या बाबतीत सर्वांत महाग पडणारी चूक वयाची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळते, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. तिसरीत काढलेल्या कागदावर निर्धास्त राहिलेल्या मुलाचे चौदावे वर्ष आठवी-नववीत येते, आणि दहावीची सवलत मागताना जुना कागद चालत नाही. जन्मतारखांची यादी समन्वयकांनी ठेवायची, सहा महिने आधी पालकांना कळवायचे. रुग्णालयासाठीचे पत्र मुख्याध्यापकांनी द्यायचे.

परीक्षेतही वाटणी अशीच आहे. सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळात येतो. सवलतींचा प्रस्ताव तिथे मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याने जातो, लेखनिक, म्हणजे मूल सांगेल ते उत्तर लिहून देणारा, तेच शोधतात आणि तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो. जादा वेळ तासाला वीस मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. कोणत्या मुलाला नेमकी कोणती सवलत उपयोगी पडेल, हे समन्वयक ठरवतात. हाताने लिहिणे संथ पण विचार स्पष्ट, अशा मुलाला लेखनिक. वाचायला वेळ लागतो पण लिहिता येते, त्याला नुसता जादा वेळ. आणि लेखनिक मिळाला म्हणजे झाले असे नाही. उत्तर तोंडी सांगणे, विरामचिन्हे सांगणे, सांगितलेले परत वाचून घेणे हे आठवीपासून सरावात यावे लागते. फेब्रुवारीत पहिल्यांदा लेखनिकासमोर बसलेले मूल गप्प होते. दोष मुलाचा नसतो.

लहान संस्थेत दोन्ही जागांवर एकच व्यक्ती असते. सीआरआर नोंदणी असेल तर तसे चालते, पण वर्गावरची वेळ कार्यालय खाऊन टाकते. किमान आराखड्याच्या बैठकीत वर्गशिक्षक आणि पालक हवेतच. बैठकीची वेळही पालकांच्या कामानुसार ठरावी: यंत्रमागाची पाळी असेल किंवा विड्या कारखान्यात द्यायच्या असतील तर सकाळी अकराला कोणी येऊ शकत नाही.

काम अडले तर आधी समन्वयकांशी बोला. पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, आराखड्याची प्रत जोडा आणि कोणती तासिका किंवा सवलत मिळत नाही ते तारखेनिशी लिहा. तिथेही अडले तर गावात गटशिक्षणाधिकारी, महापालिकेच्या शाळेसाठी पालिकेचे प्रशासन अधिकारी. दोन्ही ठिकाणी आधीच्या अर्जाची आवक क्रमांकासह पोच मागतात, म्हणून ती शाळेतूनच घेऊन ठेवा.