प्रायमरीसाठी पक्षनोंदणी

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार वरून ठरत नाही. तो ‘प्रायमरी’ या प्राथमिक निवडणुकीत मतदार ठरवतात. ज्या राज्यांत ही प्रायमरी ‘बंद’ असते, तिथे फक्त त्या पक्षाच्या यादीत नाव असलेल्यांनाच मत देता येते. म्हणून कोणत्याही पक्षात नसलेले मतदार प्रायमरीच्या आधी एखाद्या पक्षात नाव नोंदवतात. मराठीत ‘अपक्ष’ म्हटले की उमेदवार डोळ्यांसमोर येतो. तिथे मतदारही अपक्ष असतो. गॅलपच्या पाहण्यांत स्वतःला अपक्ष म्हणवणाऱ्यांचे प्रमाण अलीकडच्या वर्षांत ४० टक्क्यांच्या वर आहे.

आपल्याकडे पक्षात जायचे म्हणजे पावती फाडायची, गळ्यात उपरणे घालून घ्यायचे. तिथे पक्षाच्या कार्यालयाची पायरीही चढावी लागत नाही. मतदार नोंदणीच्या सरकारी अर्जावरच पक्षांच्या नावांपुढे चौकोन छापलेले असतात. एका चौकोनात खूण करायची, खाली सही करायची, की झाली नोंदणी. वर्गणी नाही, शिफारसपत्र नाही. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत त्याच पक्षाला मत दिले पाहिजे, असे बंधनही नाही. सुमारे तीस राज्यांत अशी पक्षवार यादी ठेवली जाते. टेक्सास, मिशिगन यांसारख्या राज्यांत ती नाही. तिथे मतदार प्रायमरीच्या वेळीच कोणत्या पक्षासाठी मत द्यायचे ते ठरवतो.

अपक्षांनी असे नाव नोंदवण्यामागचे कारण अगदी साधे आहे. अनेक मतदारसंघ एकाच पक्षाचे बालेकिल्ले आहेत आणि तिथला खरा निकाल प्रायमरीतच लागतो. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेले. डेट्रॉइटचा बराचसा भाग असलेल्या त्यांच्या डेमोक्रॅटिक मतदारसंघात बहुरंगी प्रायमरी त्यांनी सुमारे २८ टक्के मतांवर जिंकली. नोव्हेंबरची लढत त्यानंतर फारशी अवघड राहिली नव्हती. न्यूयॉर्क शहरात २०१८ मध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी दहा वेळा निवडून आलेले जो क्रॉली यांना प्रायमरीत हरवले, तेव्हा त्यांना मिळालेली मते सतरा हजारांच्या आसपास होती. लाखोंच्या मतदारसंघाचा प्रतिनिधी इतक्या थोड्या लोकांनी ठरवायचा, तर त्या थोड्यांत आपणही असावे असे बाहेरच्याला वाटणे स्वाभाविकच आहे. त्याला घुसखोरी म्हणणे अन्यायाचे आहे.

अडचण येते ती तारखेची. न्यूयॉर्कमध्ये जुना नियम असा होता की नोंदणी आधीच्या नोव्हेंबरच्या निवडणुकीपूर्वी झालेली हवी. दुसऱ्या पक्षाच्या लोकांनी येऊन उमेदवार बिघडवू नये, हे त्यामागचे समर्थन. ‘रोझारियो विरुद्ध रॉकफेलर’ या खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो वैध ठरवला. मात्र त्याच वर्षी इलिनॉयचा, पक्ष बदलल्यावर तब्बल २३ महिने थांबवून ठेवणारा नियम न्यायालयाने रद्द केला. न्यूयॉर्कच्या नियमाची झळ सर्वांना दिसली ती २०१६ मध्ये. अध्यक्षपदाची प्रायमरी १९ एप्रिलला होती आणि पक्ष बदलण्याची मुदत ९ ऑक्टोबर २०१५ लाच संपली होती, म्हणजे १९३ दिवस आधी. डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागणारे बर्नी सँडर्स यांना मत द्यायला निघालेल्या असंख्य अपक्षांना मतच देता आले नाही. डोनाल्ड ट्रम्प यांची मुले इव्हान्का आणि एरिक यांनाही आपल्या वडिलांना मत देता आले नाही, कारण त्यांनी वेळेत रिपब्लिकन पक्षात नाव नोंदवले नव्हते. उमेदवार कोण आहेत हे धड कळायच्या आत मतदाराला पक्ष निवडायला लावणारा तो नियम होता. २०१९ मध्ये कायदा बदलला आणि मुदत १४ फेब्रुवारीपर्यंत आली.

न्यू हॅम्पशायरची पद्धत याच्या दुसऱ्या टोकाची. तिथे कोणत्याही पक्षात नसलेला मतदार मतदान केंद्रावर जाऊन हव्या त्या पक्षाची मतपत्रिका मागतो. त्या क्षणी त्याचे नाव त्या पक्षात जाते. मत देऊन बाहेर पडताना त्याच ठिकाणी एक अर्ज भरला की नाव पुन्हा यादीबाहेर. पक्षाचे सदस्यत्व फार तर काही मिनिटांचे! पण एका पक्षातून दुसऱ्या पक्षात जाणाऱ्याला ही सवलत नाही. त्याला कित्येक महिने आधी बदल करावा लागतो.

चुकीच्या चौकोनात खूण होण्याचे प्रकारही घडतात. कॅलिफोर्नियात ‘अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी’ नावाचा, अध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज वॉलेस यांच्या १९६८ च्या प्रचारातून उभा राहिलेला कट्टर उजवा पक्ष आहे. नावातला ‘इंडिपेंडंट’ वाचून कित्येकांनी आपण अपक्ष म्हणून नोंद करतो आहोत अशा समजुतीने त्या पक्षात नाव घातले. पक्ष नको असेल तर तिथे ‘पक्षपसंती नाही’ हा वेगळा पर्याय निवडावा लागतो.

विरोधी पक्षाला दुबळा उमेदवार मिळावा म्हणून मुद्दाम नाव नोंदवणारेही असतात. २००८ मध्ये रेडिओ निवेदक रश लिंबॉ यांनी ‘ऑपरेशन केऑस’ नावाने रिपब्लिकन श्रोत्यांना डेमोक्रॅटिक प्रायमरीत जाऊन हिलरी क्लिंटन यांना मत देण्याचे आवाहन केले, जेणेकरून ती लढत लांबत जावी. पण अभ्यासकांना असे मतदार विरळाच आढळतात. बहुतेक जण मनापासून हव्या असलेल्या, किंवा त्यातल्या त्यात बऱ्या वाटणाऱ्या उमेदवारालाच मत देतात.

वायोमिंगमध्ये २०२२ साली तेच दिसले. ट्रम्प यांना उघड विरोध करणाऱ्या रिपब्लिकन खासदार लिझ चेनी यांच्या प्रचारयंत्रणेने डेमोक्रॅट मतदारांना रिपब्लिकन पक्षात नाव कसे बदलावे याची माहिती पाठवली, आणि अनेकांनी ते बदललेही. तेव्हा तिथे मतदानाच्या दिवशीसुद्धा पक्ष बदलता येत होता. तरीही रिपब्लिकन प्रायमरीत चेनी यांचा प्रतिस्पर्धी हॅरिएट हेगमन यांच्याकडून ३७ टक्क्यांहून अधिक फरकाने पराभव झाला. मूळ पक्षयादीच इतकी मोठी होती की बाहेरून आलेल्यांची मते पुरी पडली नाहीत. एवढे असूनही पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा केला: उमेदवारी अर्ज भरायला सुरुवात झाली की प्रायमरी होईपर्यंत पक्ष बदलता येणार नाही. राज्यपाल मार्क गॉर्डन यांनी त्यावर सही केली नाही. सहीविनाच तो अमलात आला.