इस्लाम : श्रद्धा आणि आचार (ग्वाल्हेरच्या संदर्भात)

एका ईश्वराला शरण जाऊन त्याच्या आज्ञेप्रमाणे जगणे, असा ‘इस्लाम’ या अरबी शब्दाचा अर्थ. ‘सलाम’ हा शब्दही त्याच धातूपासून आला, म्हणून शांती आणि सुखरूपता या अर्थछटा त्यात आहेत. सातव्या शतकाच्या आरंभी अरबस्तानातील मक्का येथे हजरत मुहंमद पैगंबर (सु. ५७०–६३२) यांनी हा धर्म सांगितला. मात्र मुसलमानांच्या श्रद्धेनुसार तो नवा नाही. आदम, इब्राहिम, मूसा (मोझेस), ईसा (येशू) या सर्वांनी हेच सांगितले आणि मुहंमद हे त्या मालिकेतले अखेरचे पैगंबर. जुन्या मराठी पुस्तकांत ‘मुहंमदी धर्म’ असे नाव आढळते. ते मुसलमानांना पटत नाही, कारण पैगंबरांवर त्यांचे जिवापाड प्रेम असले तरी पूजा ते फक्त अल्लाहची करतात.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला इस्लाम पहिल्यांदा भेटतो तो बहुधा हजिरा भागात, सूफी संत मुहंमद गौस यांच्या मकबऱ्यात आणि शेजारच्या तानसेनाच्या समाधीपाशी. नाहीतर मोहरमच्या ताजियांत. फुलबागेत गोपाळ मंदिर, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज यांच्याबरोबर मोती मशीदही आहे, तिच्यावरूनही येणे-जाणे असते. या ओळखीत आपुलकी खरी आहे, पण तिच्यामुळे मजार (संताची कबर) आणि तिच्यावरची चादर म्हणजेच इस्लाम असा समज ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या अनेक मराठी घरांत रुजला. म्हणून या नोंदीत आधी रोजच्या उपासनेकडे पाहू आणि ही ओळखीची ठिकाणे शेवटी घेऊ.

श्रद्धेला अरबीत ‘ईमान’ म्हणतात. मराठीने हा शब्द ‘इमाने-इतबारे’, ‘बेइमान’ यांत सामावून घेतला आणि त्याला प्रामाणिकपणाचा अर्थ दिला. मूळ अर्थ त्याहून फार लांब नाही: मनाने मानणे, तोंडाने कबूल करणे आणि त्या कबुलीला जागणे. ईमानाचा पाया म्हणजे तौहीद, ईश्वराचे एकत्व. अल्लाहला जन्म नाही, त्याला अपत्य नाही, त्याची मूर्ती नाही, त्याच्या जोडीचा कोणी नाही. त्याच्या बरोबरीने दुसऱ्याला मानणे याला ‘शिर्क’ म्हणतात आणि इस्लाममध्ये ते सर्वांत मोठे पाप ठरते. याखेरीज फरिश्ते म्हणजे देवदूत, ईश्वरी ग्रंथ, पैगंबर, कयामतचा म्हणजे निवाड्याचा दिवस आणि तकदीर यांवरही ईमान ठेवायचे असते. ग्रंथांपैकी मूसांचा तौरात, दाऊदांचा जबूर आणि ईसांचा इंजील हे आधीचे, तर कुरआन शेवटचा. इ.स. ६१० मध्ये मक्केजवळच्या हिरा गुहेत जिब्रील या फरिश्त्याकडून पैगंबरांना पहिला संदेश मिळाला, त्याचा पहिला शब्द ‘इक्रा’, म्हणजे ‘वाच’. पुढे सुमारे २३ वर्षे हे अवतरण चालू राहिले. कुरआनात ११४ सूरा म्हणजे अध्याय आहेत. सबंध कुरआन मुखोद्गत असणाऱ्याला हाफिज म्हणतात. कीर्तन-प्रवचनाच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला पाठांतराचे हे मोल वेगळे सांगायला नको.

आचाराचे पाच आधारस्तंभ मानले आहेत: कलमा, नमाज, रोजा, जकात आणि हज. कलमा म्हणजे साक्ष, की अल्लाहखेरीज कोणी पूज्य नाही आणि मुहंमद अल्लाहचे पैगंबर आहेत. मनापासून दिलेल्या या साक्षीने माणूस मुस्लिम होतो. त्यासाठी पुरोहित लागत नाही.

नमाज दिवसातून पाच वेळा अदा करायची: पहाटे फज्र, दुपारी जुहर, उतरत्या दुपारी अस्र, सूर्यास्ताला मगरिब आणि रात्री इशा. तिच्याआधी वजू करतात. मनगटापर्यंत हात धुवायचे, चूळ भरायची, नाकात पाणी घेऊन नाक साफ करायचे, चेहरा धुवायचा, कोपरांपर्यंत हात धुवायचे, ओला हात डोक्यावरून फिरवायचा आणि शेवटी घोट्यांपर्यंत पाय धुवायचे. पाणी वाया घालवणे इथेही निषिद्ध आहे. पाणी मिळालेच नाही तर स्वच्छ मातीवर हात टेकवून ते चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवले तरी चालते. त्याला तयम्मुम म्हणतात. मग मक्केतील काबागृहाकडे तोंड करून उभे राहायचे. ही दिशा म्हणजे किब्ला. ग्वाल्हेरहून ती जवळजवळ अचूक पश्चिमेला येते. म्हणून इथे मगरिबच्या नमाजीला उभा राहिलेला माणूस नुकत्याच मावळलेल्या सूर्याच्या बाजूला तोंड करून असतो. तो सूर्याला नमस्कार करतो असे समजणारे लोक मी पाहिले आहेत. त्याचे तोंड काब्याकडे असते आणि काबाही केवळ दिशा आहे, पूजेची वस्तू नव्हे.

नमाजीच्या एका आवर्तनाला रकात म्हणतात. उभे राहून कुरआनातल्या सूरह फातिहाच्या सात आयती म्हणजे वचने म्हणायची, गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचे, पुन्हा सरळ व्हायचे आणि मग कपाळ दोनदा जमिनीला टेकवायचे. हे टेकवणे म्हणजे सजदा. त्या क्षणी कपाळ, नाक, दोन्ही तळवे, गुडघे आणि पायांची बोटे जमिनीला लागलेली असतात. माणूस याहून खाली जाऊ शकत नाही आणि श्रद्धावानाच्या मते याच अवस्थेत तो ईश्वराच्या सर्वांत जवळ असतो. मशिदीत शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहतात. आधी येईल तो पुढच्या रांगेत, मग तो हमाल असो की हवेलीचा मालक. शुक्रवारी दुपारी जुमाची नमाज खुतब्यासह म्हणजे प्रवचनासह सामुदायिकरीत्या होते. हे सारे सुरू होण्यापूर्वी मनात नियत धरावी लागते. मराठीत ‘नियत साफ आहे’ असे आपण सहज म्हणतो. इस्लाममध्ये कृतीचे मोल तिच्यामागच्या नियतवर, म्हणजे हेतूवर ठरते, दिखाव्यासाठी केलेली लांबलचक नमाज वाया गेलेली मानतात.

हा विचार सर्वांत उघड दिसतो तो रोज्यात. रमजानच्या संपूर्ण महिन्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न, पाणी आणि शरीरसंबंध वर्ज्य असतात. आपल्या निर्जळी एकादशीशी याची तुलना सुचते, पण हे व्रत सलग २९ किंवा ३० दिवस चालते. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. आपल्या पंचांगासारखा त्यात अधिक महिना नसल्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू पाहून येतो. ग्वाल्हेरात डिसेंबरचा रोजा बारा तासांच्या आसपास असतो. जूनमध्ये पारा ४५ अंशांना भिडत असताना तोच पंधरा तासांवर जातो. त्या उन्हात हातगाडी ओढणारा, भट्टीपुढे उभा राहणारा माणूस घोटभर पाणी प्यायला तरी कोणाला कळणार नाही. तो पीत नाही. त्याच्या दृष्टीने रोजा हा त्याच्या आणि अल्लाहच्या मधला करार आहे. ‘सबुरी’ हा मराठी शब्द ज्या अरबी ‘सब्र’वरून आला, त्याचा अर्थ अशा वेळी डोळ्यांसमोर उभा राहतो. आजारी माणूस, प्रवासी, गरोदर वा अंगावर पाजणारी स्त्री यांना सवलत आहे आणि मासिक पाळीत रोजा धरायचाच नसतो. खोटे बोलणे आणि चहाडी यांनी रोज्याचे पुण्य जाते. पहाटेपूर्वीचे खाणे ती सहरी. संध्याकाळी खजूर आणि पाण्याने रोजा सोडणे ते इफ्तार. रात्री तरावीहच्या नमाजीत कुरआन ऐकवला जातो आणि महिन्याच्या शेवटी ईद-उल-फित्र येते. त्या दिवशी नमाजीपूर्वी गरिबांसाठी फितरा काढावा लागतो, म्हणजे शिरखुर्मा त्यांच्याही घरी होतो.

जकातीला भीक म्हणू नये. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतून शेकडा अडीच या दराने ती द्यायची असते. त्यासाठीची किमान मर्यादा भारतात साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी अशी सांगतात. संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ‘हक’ असतो, असे कुरआन म्हणतो. आपला ‘हक्क’ तो हाच. आईवडील आणि मुले यांना जकात देता येत नाही, त्यांना पोसणे हे कर्तव्यच आहे.

हज ऐपत आणि प्रकृती असेल त्याने आयुष्यात एकदा करायची. पुरुष दोन न शिवलेली पांढरी वस्त्रे नेसतात, काब्याला सात प्रदक्षिणा घालतात आणि जिलहिज्ज महिन्याच्या ९ तारखेला अरफातच्या मैदानात प्रार्थना करतात. दुसऱ्या दिवशी इब्राहिमांच्या त्यागाच्या स्मरणार्थ ईद-उल-अजहा म्हणजे बकरी ईद जगभर साजरी होते.

पैगंबरांनंतरच्या नेतृत्वाच्या प्रश्नावरून सुन्नी आणि शिया असे दोन मुख्य पंथ झाले. हिजरी ६१ च्या मोहरमच्या १० तारखेला, म्हणजे इ.स. ६८० मध्ये, पैगंबरांचे नातू इमाम हुसेन आपल्या मोजक्या साथीदारांसह करबला येथे मारले गेले. त्यांना पाणीही तोडले होते. मोहरममध्ये जागोजागी सरबत वाटतात, ते त्या तहानेच्या आठवणीने. महाराष्ट्रात ज्याला ताबूत म्हणतात तो ग्वाल्हेरात ताजिया: कामट्या, रंगीत कागद आणि बेगड यांनी बनवलेली इमामांच्या मकबऱ्याची प्रतिकृती. शिंदे संस्थानाच्या राजाश्रयामुळे ग्वाल्हेरचा मोहरम दूरवर नावाजलेला होता. मात्र हा शोकाचा प्रसंग आहे. मोहरमच्या ‘शुभेच्छा’ देऊ नयेत. मराठी शेजारी प्रेमाने ही चूक करतात आणि समोरचा संकोचाने गप्प राहतो. ताजिया हा धर्माचा स्तंभ नसून लोकपरंपरा आहे आणि अनेक सुन्नी आलिमांचा म्हणजे धर्मपंडितांचा तिला विरोधही आहे.

मजारीबद्दलही मुसलमानांत असाच मतभेद आहे. सूफी परंपरा मानणारे वलींच्या म्हणजे संतांच्या कबरीवर फातिहा पढतात आणि चादर चढवतात. इतर काही जण त्याला शिर्ककडे नेणारी वाट मानतात. पण कबरीला सजदा करू नये, यावर दोन्ही बाजू एकमत आहेत. मुहंमद गौस (मृत्यू १५६३) हे शत्तारी संप्रदायाचे सूफी. योगविद्येवरील ‘अमृतकुंड’ या ग्रंथाचे त्यांनी फार्सीत ‘बहर-उल-हयात’ या नावाने रूपांतर केले. त्यांच्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्यांची प्रत्येक नक्षी निराळी भासते. दुपारी आतल्या फरशीवर तिच्या सावल्या हळूहळू सरकताना दिसतात. महादजी शिंदे बीडचे सूफी संत मन्सूरशहा यांना गुरुस्थानी मानत आणि ती निष्ठा शिंदे घराण्याने पुढेही जपली.

तानसेनाच्या समाधीवर संस्थानी काळात उर्स म्हणजे पुण्यतिथीचा उत्सव भरू लागला. त्याचेच पुढे तानसेन समारोहात रूपांतर झाले. गायन सुरू होण्याआधी सकाळी सनई वाजते, ढोलीबुवा मठाची हरिकथा होते, मग मौलवी पैगंबरांच्या स्तुतीचा मिलाद वाचतात आणि चादर चढवली जाते.